साडेचौदाशे रुपयांचा पेगन प्लॅनर, चोपड्यात वर्षभर वापरून

पार्सल आलं ३० डिसेंबर २०२४ला. मी इथे चोपड्यात, जळगाव जिल्ह्यात, कापसाच्या जिनिंगच्या काट्यावर होते, गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, फोन उचलला नाही. कुरियरवाला ते समोरच्या पानटपरीत ठेवून गेला. संध्याकाळी टपरीवाल्या भाऊंनी बरण्यांच्या मागून खोकं काढून दिलं आणि म्हणाले, "ताई, आत काही औषधी पाला आहे का? दुपारपासून वास येतोय." मी नुसतंच "हो" म्हटलं. पेगन प्लॅनर म्हणजे काय हे समजावण्याइतकं त्राण नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही ते नीट माहीत नव्हतं. आता वर्ष काढलंय त्याच्यासोबत, आता सांगू शकते: निसर्गालाच देव मानणाऱ्या, ऋतूंचे आठ सण पाळणाऱ्या पेगन लोकांची ही रोजनिशी.

वस्तू आधी सांगते. जांभळा जाड पुठ्ठा, त्यावर सोनेरी आठ आऱ्यांचं चाक. आकार शाळेच्या छोट्या वहीएवढा, पण जाडी दोन बोटं. रोजचं अर्धं पान. त्या अर्ध्या पानात पाच चौकटी: काम, अभ्यास, हस्तकला, निसर्ग, साधना. मजकूर सगळा इंग्रजीत. महिन्याच्या शेवटी एक वर्तुळ, त्याचे पाच भाग, प्रत्येकात शून्य ते दहा गुण भरायचे. ते गुण जोडले की चाक किती गोल झालं ते कळतं. सोबत एक पांढरी मेणबत्ती, स्टिकरचे दोन कागद आणि दोऱ्याने बांधलेली वाळक्या सेजची, म्हणजे धुरी द्यायच्या सुवासिक पाल्याची, जुडी, जिचा वास टपरीभर झाला होता. प्लॅनर १,२९० आणि पाठवणावळ १६०, एकूण १,४५०. दुकान ऑनलाइन, लहानसं. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत.

घेतला कशाला? माझ्या आयुष्यात त्या पाचही चौकटी आधीपासून आहेत आणि त्या एकमेकींच्या उरावर बसतात. जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब बघते, चौदा वर्षं झाली. ऑक्टोबर ते मार्च सीझन. तेव्हा घरचे लोक माझं तोंड फक्त जेवताना बघतात. मुक्त विद्यापीठातून एम.ए. मराठी करतेय, चाळिशीत. गोधड्या शिवते. जमेल त्या रविवारी स्कूटी काढून सातपुड्याच्या पायथ्याशी जाते. आणि पाचवं, ज्याला मी कधी नाव दिलं नव्हतं. देवळात मी फारशी रमत नाही, पण पहिल्या पावसानंतर नांगरलेल्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की काहीतरी होतं. लॉकडाऊनमध्ये वाचता वाचता 'पेगन' हा शब्द सापडला आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, पहिल्याच रात्री पुठ्ठ्यावर हात फिरवून विचारलं, "हाई काय शे वं?" म्हटलं, वर्षाची वही. "कितलाले लिधी?" मी साडेचारशे सांगितलं. तरी त्या गप्प झाल्या, म्हणजे खरी किंमत सांगितली नाही ते बरंच झालं. आमच्या ह्यांनी पेगन म्हणजे काय ते विचारलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेड्यात राहणारा माणूस. ते हसून म्हणाले, "म्हणजे गावंढळ! आणि गावंढळपणा शिकायला तू पैसे मोजलेस?" याच्यावर उत्तर नव्हतं.

आता पहिली तक्रार. प्रस्तावनेत लिहिलंय की आठ सणांचं हे चक्र हजारो वर्षं अखंड चालत आलंय. नाही आलेलं. यातले काही सण जुने आहेत, आयर्लंड-इंग्लंडच्या मातीतले. पण आठही एका चाकात बसवण्याचं काम इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकात झालं. तिथला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला, त्यानंतर जेराल्ड गार्डनर उघडपणे लिहू-बोलू लागले. त्यांची विक्का या आधुनिक चेटूक-पंथाची मंडळी आणि रॉस निकल्स हे ड्रुइड, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांची परंपरा नव्याने मांडणारे, यांच्याकडून हे चाक आजच्या रूपात आलं. शरद संपाताच्या, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात त्या दिवसाच्या, सणाला 'मेबन' हे नाव तर एडन केली या अमेरिकन माणसाने १९७४ साली दिलं. आपलं कालनिर्णय १९७३चं. म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय मेबनपेक्षा एका वर्षाने मोठं! नवं असणं हा दोष नाहीच. कालनिर्णय नवं म्हणून आत्यांनी त्यातली एकादशी कधी नाकारली नाही. पण नव्याला जुनं सांगून विकू नये, एवढंच.

जानेवारीचं वर्तुळ भरलं तेव्हा काम दहा, बाकी सगळं एक-दोन. चाक कसलं, पंक्चर झालेला टायर. फेब्रुवारीतही तेच. १ फेब्रुवारीच्या इम्बोल्क या सणाच्या पानावर लिहिलं होतं की मेंढ्यांना दूध उतरतंय, बर्फाखालून पहिली फुलं डोकावताहेत, घर झाडून घ्या. दुसऱ्या दिवशी वसंत पंचमी होती. बर्फ नव्हताच, पण पळसाला काळ्या मखमली कळ्या धरल्या होत्या, तेवढं लिहिलं. निसर्गाच्या चौकटीखाली बारीक अक्षरात दर महिन्याचं झाड दिलंय: रोवन, ॲश, हॉथॉर्न, ओक. मी ती खोडून आपली लिहीत गेले. पळस, अंजन, सलई, मोह, निंब. मार्चच्या संपाताला अंडी रंगवा म्हणे. त्याच्या आधीच्या आठवड्यात होळीपूर्वीचे भोंगऱ्याचे बाजार भरले होते. पावरा आदिवासींचे मोठमोठे ढोल, पोरींच्या अंगावर नवे झगझगीत कपडे आणि चांदी. सुट्टी नव्हती, तरी हिशेब लवकर आटोपून तासभर गेले. त्या दिवशी निसर्ग, हस्तकला, साधना या तीन चौकटींवर मिळून मी एकच शब्द लिहिला, 'ढोल', आणि चौकटींच्या रेषा ओलांडून लिहिला.

हीच या प्लॅनरची खरी गोम आहे, ती जरा नीट सांगते. चौकटी आखणाऱ्याने धरून चाललंय की माणूस आधी काम करतो, मग ते मिटवून कला करतो, मग कला मिटवून साधनेला बसतो. गोधडीचं मी कुठे लिहायचं? आमच्या घरात गोधडी जुन्या लुगड्यांची होते. खाली आत्यांच्या आईचं नऊवारी, मध्ये फाटकी धोतरं, वर माझ्या आईच्या सुती साड्या. धावदोरा काठाकडून आत फिरत येतो, चौकोनाच्या आत चौकोन, आणि शेवटी मधोमध वीतभर जागा उरते. तिथे आत्या पोळीचा वाळका तुकडा ठेवतात आणि मग शेवटचे टाके घालतात. उपाशी गोधडी पांघरू नये म्हणतात. हा तुकडा हस्तकलेत धरायचा की साधनेत? त्यातल्या कापसाला मी दिवसभर क्विंटलने तोलते, म्हणजे कामातही धरावा. एम.ए.ला लोकसाहित्याचा पेपर आहे, म्हणजे अभ्यासातही. तीन दिवस मी तो तुकडा कुठेच नोंदवला नाही. चौथ्या दिवशी पाचही चौकटींवर आडवी रेघ मारून 'गोधडी' लिहिलं आणि महिनाअखेरीस प्रत्येकाला सहा-सहा गुण दिले. चाक पहिल्यांदा गोल झालं. लबाडी होती का? असेल. पण पुढचे सगळे महिने मी तशीच भरत गेले.

आता एप्रिल. या महिन्यात प्लॅनर पार उघडा पडला.

१ मेला बेल्टेन हा सण. पानभर ज्वाळांचं चित्र. मोठी आग पेटवा, तिच्याभोवती नाचा, उन्हाळा आला म्हणून आनंद करा. २०२५ साली आखाजी बरोबर आदल्या दिवशी, ३० एप्रिलला होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात ती दिवाळीच्या तोलामोलाची. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आठवडाभर आधी टोपलीत पेरलेल्या गव्हाची पिवळी रोपं गौराईपुढे डोलत असतात. घराघरात पितरांसाठी नवी घागर भरतात, तिच्यावर लहान लोटा, त्याच्यावर खरबूज किंवा आंबा. निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकायची, तेवढीच आग. बाकी सगळं पाण्याचं. पारा चाळिशीच्या बराच वर, हवेत निखारे, आणि या दिवसांत मेलेल्या माणसांनाही पहिल्यांदा तहान लागते हे ज्यांना सुचलं ते माझ्या मते फार शहाणे लोक होते. बेल्टेनची चित्रं मी आत्यांना दाखवली. त्यांनी पदराने वारा घेत पाहिलं आणि म्हणाल्या, "आते इतलं तपी ऱ्हायनं, अन हाया लोके आखो आग पेटाडतस?" समजावलं, की त्यांच्याकडे थंडी असते, ऊन पडलं की लोक हरखतात. त्यावर त्यांनी मनापासून "बिचारा" म्हटलं आणि घागरीला ओलं फडकं गुंडाळायला गेल्या.

त्याच आठवड्यात प्लॅनरची पाठ सुटली. बांधणी डिंकाची आहे, दोऱ्याची नाही. मी तो स्कूटीच्या डिकीत ठेवायचे. एका दुपारी उघडला तर डिंक मऊ होऊन लांब तारा निघाल्या आणि मार्चची पानं हातात आली. मेणबत्तीचं तर विचारूच नका. कपाटातल्या कपाटात वाकून तिचा प्रश्नचिन्हासारखा आकार झाला होता. दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं, की वस्तू 'थंड व कोरड्या जागी' ठेवावी. एप्रिलमध्ये, चोपड्यात! कोरडी जागा हवी तेवढी देते, थंड कुठून आणू? बदली मिळाली नाही. शेवटी गोधडीच्या जाड सुईने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने मी पाठ शिवून काढली. डिकीत ठेवते अजून, पण टाका हललेला नाही.

कागदाबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. जाड, किंचित पिवळसर, शाईचं पेन मागे फुटत नाही. विद्यापीठाच्या टिपणांसाठी मागची चाळीस कोरी पानं सगळी वापरली. त्या पानांवर लिहिताना हात थकत नाही, हे परीक्षेच्या आधी रात्री दोन वाजता लिहिणाऱ्यालाच कळेल.

मेच्या अखेरीस मी प्लॅनरवर पहिल्यांदा कुरघोडी केली. त्यात सूर्याचा मोठा सण २१ जूनला आहे, सर्वांत मोठ्या दिवसाचा. लंडनला त्या दिवशी साडेसोळा तास उजेड असतो, म्हणून त्यांना त्याचं अप्रूप. आपल्याकडे साडेतेराच्या आत-बाहेर. हिवाळ्यातल्या लहान दिवसात आणि यात जेमतेम अडीच-पावणेतीन तासांचा फरक. आम्हाला काय कळणार? पण लंडनला जे कधीच होत नाही ते आपल्याकडे होतं. आपण कर्कवृत्ताच्या खाली, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. चोपड्यात मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि परत जुलैच्या मध्यावर, पण तेव्हा ढग. मी आणि माझी आठवीतली लेक खलबत्त्यातला बत्ता घेऊन गच्चीवर गेलो. यंदा मेमध्येच आभाळ यायला लागलं होतं, त्यामुळे ऊन-सावलीचा खेळ चाललेला. साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना ऊन पडलं. बत्त्याची सावली आधी बोटभर होती, मग कडेला नखाएवढी चंद्रकोर, मग काहीच नाही. बत्ता फरशीवर ठेवलेला नसून चिकटवलेला वाटत होता. पोरगी स्वतःच्या पायाखाली बघायला लागली, तर तिची सावली तिच्याच चपलांत दडलेली. चटके बसत होते म्हणून पळालो. प्लॅनरमध्ये त्या दिवसाला काहीही नाव नाही. साधनेच्या चौकटीत मी 'बत्ता' लिहिलं. कोणी उघडून वाचलं तर मला वेडी म्हणेल.

खरं तर चाक सरकवायची मुभा त्यांच्यातही आहे. ऑस्ट्रेलियातले पेगन त्यांच्या हिवाळ्याप्रमाणे यूल, म्हणजे सर्वांत लहान दिवसाचा सण, जूनमध्ये करतात. म्हणजे ऋतू आधी, तारीख मागून. मग भारतात विकायच्या प्लॅनरमध्ये एवढं करायला काय हरकत होती? आपले ऋतू पंचांगात सहा, पण कष्टकऱ्याला तीनच: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. आणि वर्ष सुरू कधी होतं, याचा तर आमच्याकडे पत्ताच नाही. प्लॅनरच्या मते ३१ ऑक्टोबरच्या सॉविनला. माझ्या मोजणीत गुढीपाडव्याला एकदा, जिनिंगच्या मालकांचं दिवाळीला वहीपूजनाने (चोपड्यात राहून चोपडापूजन, हा विनोद आमच्याकडे दर दिवाळीला होतो), माझं १ एप्रिलला, विद्यापीठाचं पेपर झाल्यावर, आणि शेतावरच्या सालदाराचं आखाजीला. त्याचं साल आखाजीला संपतं, त्याच दिवशी पुढच्या सालाचा करार. पाच वर्षं एकातून एक सुटत जाणारी. एवढ्या सगळ्यांत एक चाक कुठून पुरणार?

स्टिकरविषयी थोडं गंभीर. दोन कागदांतला एक पूर्ण झाडूवर बसलेल्या, टोकदार टोपीच्या बायकांचा होता, खाली इंग्रजीत 'मी चेटकीण आहे, अभिमानाने'. ज्यांनी केलंय त्यांचा हेतू मला समजतो. युरोपात त्या नावाखाली बायकांना मारलं, तो शब्द त्यांनी हिसकावून परत घेतला, ठीक. पण सातपुड्याच्या या बाजूला तो शब्द अजून कोणाच्याच ताब्यात आलेला नाही. नंदुरबारकडच्या पाड्यांत डाकीण ठरवून बाईला मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचत आलोय. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, म्हणजे काल-परवा. लेकीने एक स्टिकर कंपासपेटीला लावला होता, तो मी खरवडून काढला आणि का काढला ते तिला बसवून सांगितलं. त्या बोलण्याला तासभर लागला, अभ्यासाच्या चौकटीत तो तास धरला. कागद चुलीत गेला.

सेजची जुडीही वापरली नाही. आपल्या निंबाच्या पाल्याची आणि गोवरीची धुरी डासांवर जास्त लागू पडते.

आता ऑगस्ट, कारण एवढ्या पैशांतलं काही वसूल झालं असेल तर ते इथे. १ ऑगस्टच्या सणाला लॅमास म्हणतात, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पावाची प्रार्थना असा. पहिल्या पिकाच्या धान्याचा पाव भाजायचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटायचा. पानावर पावाचं चित्र आणि खाली बारा ओळी: 'ज्यांच्यासाठी भाजताय त्यांची नावं लिहा.' आमच्या शेतात १ ऑगस्टला कपाशी गुडघ्याएवढी असते, पात्या लागत असतात, गहू फेब्रुवारी-मार्चमध्येच घरात आलेला. पहिलं पीक वगैरे काही नाही. पण दोनच दिवसांनी, ३ ऑगस्टच्या रविवारी, आमच्या खान्देशच्या देवीचा, कानबाईचा सण होता. नागपंचमीनंतरचा रविवार. आणि कानबाईचे रोट म्हणजे भाकरीच्या देवीचा सण म्हणा ना. मी ते पान उघडून बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की या परक्या वहीने बरोबर खिडकी उघडलीय.

फरक मात्र मोठा आहे. आमच्याकडे रोटाचा गहू मोजून घेतात: घरातल्या, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. धुऊन, वाळवून, दळून, त्याचे पुरणाचे रोट, सोबत खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. रात्रभर नारळातल्या कानबाईपुढे जागायचं, सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीला. सुरतेहून, पुण्याहून सगळे येतात; दिवाळीला न येणारेही कानबाईला येतात. आणि रोट वाटायचे नाहीत. कुळाबाहेरच्या माणसाला घास नाही. उरलेले पौर्णिमेच्या आत आपणच संपवायचे. लॅमासचं पान म्हणतं वाटा, कानबाई म्हणते राखा. दोन्ही रोटीचेच सण, पण एक दार उघडतो, एक लावून घेतो. गेल्या वर्षीपर्यंत यात मला काही खटकलं नव्हतं. 'ज्यांच्यासाठी भाजताय' हे वाचल्यावर खटकलं, पण रोट बाहेर जात नाहीत याचं नव्हे. मूठ फक्त पुरुषांची, याचं. रोट भाजतो आम्ही, आणि गव्हात आम्ही नाही.

मी नावं लिहिली. तेवीस पुरुष, सगळ्यांत लहान सुरतेच्या पुतण्याचा चार महिन्यांचा मुलगा. बारा ओळी कधीच संपल्या, समासात लिहिलं. मग त्याच समासात, पेन थांबेना म्हणून, आत्यांचं लिहिलं, जावांची, नणंदांची, लेकीचं आणि शेवटी माझं.

पुढे जाण्याआधी उरलेलं वर्ष भरभर सांगून टाकते. सप्टेंबरात भुलाबाई बसली, गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी गाणी म्हणून झाकलेला खाऊ ओळखायच्या, मी फक्त खाऊ पुरवला. २२ सप्टेंबरला संपात, मेबन आणि घटस्थापना तिन्ही एकाच दिवशी आले. दिवस-रात्र समान, आणि परडीतल्या मातीत गहू पेरलेला. त्या एका दिवशी मी काहीच खोडलं नाही. चंद्राच्या वेळा मात्र अजिबात धरू नका, त्या ग्रीनिच प्रमाणवेळेच्या आहेत. ऑक्टोबरची पौर्णिमा त्यात ७ तारखेला पहाटे पावणेचारला दाखवलीय, म्हणजे आपली सकाळ सव्वानऊ. त्यावर विसंबून ७ला रात्री दूध आटवत बसलं असतं तर कोजागरी हुकली असती. ती ६लाच होती, कारण रात्री पौर्णिमा त्या दिवशी. कालनिर्णयने वाचवलं. ३१ ऑक्टोबर, सॉविन, मृतांची रात्र, आत्मचिंतनाचं मोठं दोन पानी जोडपत्र. माझ्या त्या पानावर एकच नोंद आहे: 'ओलावा १४'. सरकारी खरेदीला बारा टक्क्यांच्या वर चालत नाही, शेतकरी फाटकात उभा, गाडीचं भाडं चढतंय, आणि मी मीटर तिसऱ्यांदा कापसात खुपसून बघतेय, की निदान एकाने तरी खाली उतरावं. त्या दिवशीचं चिंतन एवढंच. यूलला, २१ डिसेंबरला, मोठं लाकूड जाळा म्हणतात. रविवार होता, थंडी कडाक्याची. शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवून वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, मिरचीचा ठेचा. आगीभोवती सगळे बसलो होतो. बेल्टेनची चुकलेली आग ती हीच असावी, सात महिने उशिरा, योग्य हवेत.

मग घ्यावा का? तुम्ही थंड गावात राहत असाल, इंग्रजी सहज वाचत असाल आणि कोणीतरी रोज विचारावं अशी गरज असेल, तर घ्या. कागद चांगला आहे आणि प्रश्न चांगले आहेत. खान्देशात राहत असाल तर शंभर रुपयांची लांब वही घ्या, कालनिर्णय शेजारी टांगा, उरलेल्या पैशांत सुई-दोरा आणा. मी पाचपैकी अडीच दिले असते, ऑगस्टच्या पानाचा एक जास्त. २०२६चा मागवलेला नाही.

पण २०२५चा रद्दीतही देता येत नाही. कानबाईच्या शनिवारी मी गव्हाच्या कोठीशी तो उघडा ठेवून गेले होते, मोजताना नावं चुकू नयेत म्हणून. आत्या चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक नाव मोठ्याने वाचत मूठ घालत होत्या. मी दारात आले तेव्हा त्या समासात पोचल्या होत्या. बोट लेकीच्या नावावर थांबलेलं. "पोरनं नाव बी लिखेल शे का?" मी म्हटलं, "चुकून लिहिलं, आत्या, सोडून द्या." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग सुपातल्या गव्हात हात घातला, सव्वा मूठ मोजून पातेल्यात टाकली, आणि बोट खालच्या नावावर सरकवलं. "गहू घरनाज शे," एवढंच म्हणाल्या.

आता प्लॅनर त्या कोठीवरच असतो, वाकडी मेणबत्ती खुणेला घालून. पुढच्या श्रावणात यादी लागेल, म्हणतात.